इंदूरची बाई

"बाई, इथं बघण्यासारखं काय आहे नेमकं?"

ठाण्याचे एक गृहस्थ होते. बँकेतून निवृत्त झालेले, गळ्यात कॅमेरा, पायात पांढरे बूट. सुंदरनारायणाच्या देवळाच्या पायऱ्यांपासून माझ्या मागोमाग चालत होते आणि प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारत होते. त्यांनी तो त्या दिवशी विचारला नसता तर पुढचं काही घडलं नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्यांच्यावर कशाला ढकलू? त्यांनी विचारलं, उत्तर तर मी दिलं.

मी तेव्हा जुन्या नाशकातून लोकांना पायी फिरवायची. आठ-दहा जणांचा गट, सकाळी साडेसात ते दहा. सराफ बाजारातून, बोळाबोळांतून उतरत उतरत गोदेच्या काठाला जायचं आणि शेवटी सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची. नवऱ्याची सातपूरची कंपनी बंद पडलेली. घर चालायचं ते माझ्या जिभेवर, आणि जीभ मला देवानं भरपूर दिलेली. कुमुद निकुंभ बोलायला लागली की दगडसुद्धा हुंकार देतात, असं नवरा म्हणायचा. कौतुकानं म्हणायचा की वैतागून, ते त्यालाच ठाऊक.

तर त्या सकाळी आम्ही त्र्यंबकअण्णा वडक्यांच्या दुकानापुढे उभे होतो. तांबट आळीच्या मागच्या बोळात दहा बाय बाराची खोली, पुढे दगडी ओटा. अण्णा सत्तरीला टेकलेले. ऐरणीवर तांब्याचं घंगाळ मठारत बसले होते, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके देत भांड्याला बळकटी आणत होते. पन्नास वर्षं त्या ठोक्यांत गेलेली, त्यामुळे त्यांचा उजवा कान पार गेलेला आणि डाव्यात जेमतेम यायचं. त्यांचा मुलगा दिगंबर आत भट्टीपाशी तोंड पाडून बसला होता. सव्वीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. त्याला हे काम नको होतं. अंबडच्या कुठल्याशा कंपनीत अर्ज टाकून तो चिठ्ठीची वाट बघत होता, आणि अण्णांना रात्रंदिवस त्याच एका गोष्टीचा घोर. वडक्यांची चौथी पिढी ऐरणीवर बसणार की नाही.

"कारागीर काम करताहेत, ते बघायचं," मी त्या गृहस्थांना म्हणाले.

"हे आमच्याकडे जांभळी नाक्यावरही दिसतं की."

बाकीच्यांच्याही चेहऱ्यावर कंटाळा. एक बाई पदरानं वारा घेत होत्या, दोघं मिसळीचं विचारत होते. ओट्याच्या कोपऱ्यात एक काळा दगड होता, मधोमध ओंजळभर खळगा पडलेला. त्याची गोष्ट अण्णांनी मला सांगितली होती. आजोबा, वडील आणि ते स्वतः, तिघांनी भांड्यांची बुडं त्याच दगडावर ठोकली, त्यातून तो खळगा पडला. एवढीच गोष्ट. मी ती चार-पाच गटांना सांगून बघितली होती. लोक "हो का?" म्हणायचे आणि पुढे चालायला लागायचे.

त्या दिवशी ती सांगायला माझं तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"हा दगड बघितलात? पेशवाईतली गोष्ट. एका सरदाराची विधवा त्र्यंबकेश्वराला निघाली होती. काशीहून आणलेलं गंगाजल तांब्याच्या कलशात, तोंड मोहोरबंद केलेलं. इथं येईपर्यंत कलशाला चीर गेली. थेंब थेंब गळायला लागला. बाईनं नवऱ्याला शब्द दिलेला, गंगा त्र्यंबकराजाला घालीन म्हणून. गावातले सगळे तांबट म्हणाले, पाणी काढल्याशिवाय चिरेला कथलाचा डाग देता येणार नाही. पण याच दुकानातल्या वडक्यांनी रात्रभर जागून ती चीर बुजवली, मोहोर न फोडता, आतला थेंब न सांडता. रात्रभर कलश ठेवला होता तो ह्या दगडावर. बाई निघताना त्या दगडाच्या पाया पडली."

कुठून आलं ते सगळं, देव जाणे. आपण थाप मारतोय असं मला वाटलंसुद्धा नाही, असं सुटत गेलं.

"कुठल्या हो त्या?" पदरानं वारा घेणाऱ्या बाईंनी विचारलं. त्या इंदूरच्या होत्या, हे मला ठाऊक होतं.

"इंदूरच्या," मी म्हणाले.

त्या खाली बसल्या. खळग्यात हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग सगळ्यांनी हात ठेवले. ठाण्याच्या गृहस्थांनी बारा फोटो काढले आणि शेवटी मलाही ओट्यावर उभं करून एक काढला. आणि आत भट्टीपाशी बसलेला दिगंबर उठून दारात आला होता. जन्मभर ज्या दगडावर पाय देऊन ये-जा केली, त्या दगडाकडे तो वाकून बघत होता.

गट पुढे गेल्यावर अण्णांनी मला हाक मारली. त्यांना डाव्या कानानं अर्धंमुर्धं ऐकू गेलेलं, उरलेलं लोकांच्या वागण्यावरून समजलं होतं. दिगंबर तेवढ्यात पाणी भरायला गेला होता.

"ताई, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही."

तिथं मला हसून सांगता आलं असतं की अण्णा, पाहुण्यांसाठी तिखटमीठ लावलं हो. त्यांनीही हसून सोडून दिलं असतं. पण त्यांचा चेहरा बघितला मात्र, माझी जीभ वळेना. सत्तर वर्षांचा माणूस, कुणी आपल्या घराण्याबद्दल कधी चांगला शब्द बोललेला नाही, आणि आज दारात नऊ माणसं आपल्या दगडाला हात लावून गेली.

"जुन्या कागदात आहे, अण्णा," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. "मोडीतला कागद आहे. माझ्या बघण्यात आला होता."

मला मोडीचं अक्षर लागत नाही. आजही लागत नाही.

"इंदूरची बाई," अण्णा म्हणाले. हातोडी मांडीवर ठेवून ते त्या दगडाकडे बघत बसले.

त्यानंतर ते दुकान माझ्या टूरमधलं सगळ्यात लाडकं ठिकाण झालं. लोक नाव काढून विचारायचे, कलशाचं दुकान कधी येणार म्हणून. आणि मी काय करायची, तर गटात नागपूरचं कुणी असलं की सरदारीण नागपूरची, सांगलीचं असलं की सांगलीची. ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. माणसाला आपल्या गावाचं नाव ऐकलं की गोष्ट आपली वाटते, मग तो ती घरी नेतो, चार जणांना सांगतो, आणि ते चार जण पुढच्या सुट्टीत तुमच्याकडे येतात. अण्णांना ऐकू येत नसल्यामुळे त्यांना यातलं काही कळायचं नाही. दिगंबरला कळायचं. एकदा तो हसत म्हणाला, "ताई, काल तर नागपूरची होती."

"पाहुण्यांना बरं वाटतं रे. खरी इंदूरचीच."

"हो, अण्णा म्हणाले मला. कागद आहे म्हणून."

मी "हं" केलं आणि गटाला घेऊन पुढे गेले.

अंबडच्या कंपनीची चिठ्ठी आली तेव्हा दिगंबर गेला नाही. हे मला अण्णांनीच सांगितलं. "म्हणतो, आपल्या घराण्याचा हात असा असताना नट-बोल्ट कशाला आवळू. ताई, तुमचे उपकार आहेत आमच्यावर." मी आपली मोठेपणानं "अहो, काहीतरीच काय अण्णा" म्हणत उभी. खरं सांगते, मला तेव्हा अपराधी वाटलं नाही. अभिमान वाटला. आपल्या एका गोष्टीनं एका पोराचं आयुष्य मार्गाला लावलं, असा अभिमान. शरम वाटायला हवी होती तिथं मी भाव खात होते.

दोन वर्षं अशी गेली. मग सिंहस्थाच्या आदल्या वर्षी रस्तारुंदी निघाली. दर बारा वर्षांनी कुंभमेळा आला की नाशकात रस्ते रुंद होतात, त्यात नवल नव्हतं. पण या वेळी आखणी बोळातून गेली आणि वडक्यांच्या ओट्यावर पांढऱ्या रंगाची फुली आली. नोटिशीत लिहिलं होतं की पिढीजात चालू असलेल्या जुन्या धंद्याच्या जागा शक्य असेल तिथं वगळण्यात येतील, हरकती लेखी द्याव्यात, मग सुनावणी होईल.

अण्णा नोटीस घेऊन माझ्या घरी आले. सोबत दिगंबर.

"तुम्हीच लिहा अर्ज. तुमच्यासारखं आम्हाला कुठं लिहिता येणार."

त्यांच्याकडे दाखवायला खरं काहीतरी होतं. कुठल्याशा जुन्या प्रदर्शनात अण्णांच्या आजोबांच्या घंगाळाला मिळालेलं प्रशस्तिपत्रक. वर्ष एकोणीसशे अकरा. कागद पिवळा पडलेला, पण शिक्का स्पष्ट, नाव स्पष्ट, आणि खाली दुकानाचा पत्ता. मी ते बघितलं आणि म्हणाले, "अण्णा, झालं की. एवढं पुरे आहे."

"हे राहू द्या दोन नंबरला," अण्णा म्हणाले. "एक नंबरला इंदूरची बाई लिहा."

"अहो, ते कशाला? हे चांगलं आहे."

"ताई, हे तर घंगाळाचं झालं. ती गोष्ट आमच्या घराण्याची आहे. तीच नाही लिहायची तर काय लिहायचं?"

दिगंबरही म्हणाला, "लिहा ताई. सगळं नाशिक ओळखतं त्या गोष्टीला."

आता तरी सांगायचं ना? चहा ओतता ओतता एक वाक्य. मी नवऱ्याकडे बघितलं, तो खाली बघत पेपर वाचत होता. त्याच महिन्यात सिंहस्थासाठी मान्यता दिलेल्या गाइडांची यादी निघणार होती आणि माझा अर्ज हरकती घेणाऱ्या त्याच कचेरीत वरच्या मजल्यावर पडलेला. मी पेन उचललं आणि लिहिलं, की पेशवाईत इंदूर येथील एका सरदार घराण्यातील स्त्रीचा कलश या ठिकाणी दुरुस्त झाला होता, आणि सदर घटनेचा मोडी कागद उपलब्ध असल्याचे समजते. 'समजते' हा शब्द मी मुद्दाम घातला. वाटलं, हा शब्द मला वाचवेल. अण्णांनी सही केली, जपून, एकेक अक्षर काढत.

सुनावणीच्या दिवशी अण्णा कोशाचा फेटा बांधून आले. दिगंबरनं इस्त्रीचा शर्ट घातलेला. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, साहेबांनी काही विचारलं तर नीट सांगायला. बाहेरच्या बाकावर दीड तास बसलो. अण्णा प्रशस्तिपत्रकाची सुरळी मांडीवर धरून होते, हातसुद्धा हलवत नव्हते.

आतले साहेब इंगोले नावाचे. वऱ्हाडातले, वागायला सभ्य. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, अण्णांना जवळच्या, दिगंबर दारापाशी उभा राहिला. अर्ज त्यांनी सबंध वाचला. मग चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून हसले.

"मॅडम, मी तुमच्या टूरला आलो होतो. डिसेंबरात. तुम्हाला आठवत नसेल."

मला खरंच आठवत नव्हतं.

"आमची बायको अचलपूरची. तुम्ही तिला सांगितलंत की ती कलशवाली बाई अचलपूरची होती. काय खूश झाली होती ती. रात्री आईला फोन करून सगळी गोष्ट सांगितली. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता." अजूनही ते हसतच होते. मग बोट अर्जावर ठेवलं. "इथं इंदूर लिहिलंय."

त्यांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं.

"आणि मोडी कागद उपलब्ध असल्याचे समजते. कुणाकडून समजते?"

एवढी वर्षं झाली, तो प्रश्न मला जसाच्या तसा ऐकू येतो. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी बोलले असते तर कदाचित त्यांनी अर्धं माफही केलं असतं. साहेब, ही गोष्ट मी रचली, अण्णांचा यात काही दोष नाही, ते प्रशस्तिपत्रक तेवढं खरं आहे, ते बघा. एवढंच. तीन वाक्यं. जिची जीभ दगडाला बोलतं करते तिला तीन वाक्यं जमेनात. डोक्यात एकच, वरच्या मजल्यावरचा अर्ज, आणि घरी पेपर वाचत बसलेला नवरा. मी त्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

अण्णांनी डावा कान पुढे केलेला होता. सगळं ऐकू गेलं असेल असं नाही, पण अचलपूर ऐकू गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, भांड्याला चीर आहे का ते बघतात तसं. मग साहेबांकडे वळले.

"माझ्याकडून," अण्णा म्हणाले.

"काय?"

"कागदाचं यांना मीच सांगितलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं. त्यांना नका विचारू, साहेब."

"मग कागद आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"कधी होता?"

"नाही," अण्णा म्हणाले. "मीच आपलं म्हणत होतो."

दारापाशी दिगंबर एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

इंगोले साहेबांनी चष्मा लावला. हसणं संपलं होतं. सुरळी मागून घेतली, टेबलावर पसरली, खिडकीच्या उजेडात धरली. "नाव छापील आहे. पत्ता मात्र हातानं लिहिलाय. शाई वेगळी आहे."

"माझ्या वडिलांनी नंतर लिहिला तो," अण्णा म्हणाले. "पण दुकान हेच. शपथेवर सांगतो."

"आजोबा, वाईट वाटून घेऊ नका." साहेबांना स्वतःलाच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "हा कागद एकटा आला असता ना, तर मी शाईकडे बघितलंही नसतं. एवढा एक कागद मला पुरला असता. पण आत्ता तुम्हीच म्हणालात, पहिला मुद्दा खोटा आहे. मग दुसऱ्याला मी कशाच्या भरवशावर खरं म्हणू? उद्या मला वरून विचारलं तर मी काय दाखवू?"

अण्णांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. साहेबांनी अर्जावर दोन ओळी लिहिल्या आणि बाजूला ठेवला. मी तेव्हाही बोलले नाही. दार ओलांडून बाहेर येईपर्यंत निदान वीस पावलं होती, प्रत्येक पावलाला मागे वळता आलं असतं.

बाहेर पायऱ्यांशी दिगंबर सायकल आणायला गेला. आम्ही दोघंच उरलो. अण्णा फेटा काढून हातात घेऊन उभे होते.

"कागद नाही ना, ताई?"

"नाही, अण्णा."

"आणि बाई?"

मला मान वर करता येईना. "नाही. मीच रचली."

"बरं," अण्णा म्हणाले. फेटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "गोष्ट चांगली होती."

"अण्णा, तुम्ही का म्हणालात तसं आत? मी आत्ता जाते, मी सांगते त्यांना."

"नका. आता जाऊन काय होणार? तुमचं घर तुमच्या बोलण्यावर चालतंय. आमचं तर गेलंच."

मी जाते म्हणाले, पण पाय हलवला नव्हता. ते त्यांनी बघितलं असणार.

तेवढ्यात दिगंबर आला. सायकल स्टँडला लावली. अण्णांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. चेहरा लालबुंद झालेला. सरळ माझ्यापुढे आला आणि त्यानं हात जोडले.

"ताई, माफ करा. आमच्यामुळे तुम्हाला आत खाली मान घालावी लागली. मला खरंच ठाऊक नव्हतं हो, कागद नाही म्हणून. अण्णा मला दोन वर्षं सांगत होते, आहे आहे. तुमच्यासारख्या बाईला आम्ही खोट्यात पाडलं."

अण्णा हातभर अंतरावर उभे होते. हे त्यांना ऐकू गेलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. फेट्याची घडी घालत होते.

आणि मी, कुमुद निकुंभ, त्या पोराच्या जोडलेल्या हातांवर हात ठेवून म्हणाले, "असू दे रे."

कलशाची गोष्ट मी लोकांच्या आनंदासाठी रचली, असं म्हणता येईल. टेबलासमोर गप्प बसले ती पोटासाठी, असंही म्हणता येईल. पण त्या दोन शब्दांना काय म्हणायचं? मला त्यांच्यासाठी सबब सापडलेली नाही. पोर माफी मागत होतं आणि मी ती दिली.

महिन्याभरात दुकान पडलं. यादीत माझं नाव आलं, बिल्ला मिळाला, सिंहस्थात तर मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दिगंबर अंबडला लागला, त्याच कंपनीत, आधी मिळाली होती त्यापेक्षा हलक्या जागेवर. बापलेक एका घरात राहिले, पण त्यांच्यात बोलणं म्हणाल तर जेवायला या, औषध घेतलं का, इतपतच. दिगंबरच्या मनात पक्कं बसलं होतं की बापाच्या एका खोट्यापायी तीन पिढ्यांचं दुकान गेलं. मी अण्णांना भेटायला जायची. अंगणात बसलेले असायचे, हात मांडीवर रिकामे. माझ्याशी हवापाण्याचं बोलायचे. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी दर वेळी ठरवून जायची की आज दिगंबर घरी असला तर सांगायचं, आणि तो नसेल अशा वेळी जायची.

अकरा वर्षांनी अण्णा गेले. दहाव्याला मी घाटावर गेले. विधी उरकला, पिंड ठेवला, सगळे मागे सरून उभे राहिले. समोरच्या भिंतीवर सात-आठ कावळे बसलेले. एकही खाली येईना. गोदेच्या काठाला कावळे कसे असतात ते मी शेकडो पाहुण्यांना सांगितलंय, पिंड ठेवायचा अवकाश की झडप घालतात. पण त्या दिवशी पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली असेल, बोला.

दिगंबरची बायको म्हणाली, सासूबाईंना अंतर देणार नाही. दिगंबर म्हणाला, पोरीला शिकवीन. कावळे हलेनात. मग दिगंबर दोन पावलं पुढे गेला, हात जोडले. शेवटी म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात, त्याचा राग मी अकरा वर्षं धरला. माफ केलं तुम्हाला. आता शांत व्हा."

मी मागच्या पायरीवर उभी होते. मनातल्या मनात म्हणाले, अण्णा, मी सांगते त्याला. आजच सांगते, इथंच सांगते. शब्द देते.

कावळा उतरला. पिंडाला चोच लावून गेला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. दिगंबर मागे वळला, गर्दीत मला शोधत माझ्यापाशी आला. त्याचे डोळे वाहत होते आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"बघितलंत ताई? माझ्या माफीसाठी थांबले होते."

"हो रे," मी म्हणाले.